लक्षण, संभाव्य कारण, उपाय

आवाज आला तो शिवीचा नव्हता, म्हणून त्याने मान वर केली. बुटाची नाडी हातात तशीच राहिली. रोज सकाळी तो दाराजवळच्या स्टुलावर बूट घालायला बसला की आतल्या खोलीतून बाबांचा आवाज यायचा, ‘निघाले साहेब, जग खोळंबलंय तुमच्यासाठी’, आणि तो नाडीकडे बघतच ‘खोळंबू दे’ म्हणून दार ओढून घ्यायचा. आज त्या जागी नुसतं टक झालं. मग जरा थांबून पुन्हा टक. रिकाम्या पत्र्याच्या डबीवर कुणी नखाने वाजवावं, उत्तराची वाट बघावी, आणि उत्तर येत नाही म्हणून पुन्हा वाजवावं, तसं. आधी वाटलं, खिडकीची कडी. मग वाटलं, घड्याळ. मग आठवलं की त्या खोलीत घड्याळच नाही. बाबांनीच ते काढायला लावलं होतं, ‘मला वेळ दाखवू नका’ असं पाटीवर लिहून. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत तो आत गेला, आणि जाता जाताच त्याला राग यायला लागला. कशाचा, ते अजून ठरायचं होतं. त्याच्या बाबतीत राग आधी यायचा आणि कारण मागाहून, धापा टाकत, जिना चढून.

बाबा कम्प्युटरसमोर बसले होते. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती, उरलेली अर्धी कधीकाळी वखारीतल्या करवतीने नेलेली. त्या खुंटाने ते कीबोर्डवरचं एक बटण दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. पडदा काळा होता आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत यंत्राने शांतपणे कबूल केलं होतं की त्याला त्याची स्वतःची डिस्क सापडत नाही. टेबलाखालच्या खोक्यातून टक. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून काहीच आलं नाही. येणार नव्हतंच. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याच्या मुळाशी श्वासाचं भोक होतं, त्यावर जाळीचा रुमाल होता, आणि ते चिडले की त्या रुमालाआडून बारीक शीळ वाजायची, एवढाच काय तो त्यांचा स्वतःचा आवाज. बाकीचा आवाज त्या खोक्यात होता. ऑपरेशनच्या आधी, वाचा शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे, बाबांनी याच टेबलाशी बसून आपली रोजची वाक्यं कम्प्युटरमध्ये बोलून ठेवली होती आणि त्याने एकेक वाक्य एकेका बटणाला बांधून दिलं होतं. बटण दाबलं की बाबा बोलत. आता बटण दाबलं की टक होत होतं. म्हणजे त्या माणसाचा आवाज दुसऱ्यांदा चालला होता, आणि या खेपेला डॉक्टरांच्या हातून नव्हे, त्याने ठेवलेल्या जागेवरून.

तो माहितीपुस्तिका लिहायचा. पंप, गिझर, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, जे लोक विकत घेतात आणि ज्याच्याबरोबरचा कागद वाचत नाहीत, ते सगळं. शेवटच्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता असे: लक्षण, संभाव्य कारण, उपाय. हे तक्ते इतकी वर्षं लिहून त्याचं डोकंच तीन रकान्यांचं झालं होतं, आणि ऑफिसात त्याचं नावच ‘उपाय’ पडलं होतं. ‘उपाय जेवायला येतोय का रे?’ ‘उपायची आज पाठ धरलीय.’ दुकानातल्या सभ्य माणसासारखा तो या सगळ्याला हसत असे. लक्षण: यंत्र चालू होत नाही. संभाव्य कारण: प्लग नीट बसलेला नाही. हे वाक्य त्याने जन्मात इतक्या वेळा लिहिलं होतं की मेल्यावर आपल्या छातीवर हेच ठेवतील अशी त्याला खात्री होती. तो खाली वाकला. प्लग नीट बसलेला होता. अर्थातच होता. प्लग नीट बसलेला नसतो तो फक्त पुस्तिकांत.

‘उठा, बाबा,’ तो म्हणाला. बाबा उठले नाहीत. त्यांनी खुर्ची वीतभर मागे सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले, वखारीत मुकादम असताना कामगाराचं काम बघत बसायचे तसे. त्या नजरेखाली चांगल्या चांगल्या माणसांच्या हातून ओंडके सुटलेले होते. तो गुडघ्यांवर टेबलाखाली शिरला, खोकं बाहेर ओढलं, मागच्या वायरी उपसल्या, फुंकल्या, पुन्हा खोचल्या आणि चालू करून पाहिलं. टक. बाजूचा पत्रा काढला. आत धुळीचा असा थर होता की त्यावर कुणी बोटाने नाव लिहावं. पंख्याच्या पात्यांवर राखाडी लव आली होती. ‘हे पुसत कोण नाही?’ तो म्हणाला, आणि या घरात ते पुसणारा आपणच, हे लक्षात आल्यामुळे आणखी चिडला. त्याने कान आत घातला. पंखा घरघरत होता, तो निर्दोष. पुठ्ठ्याच्या पुस्तकाएवढी ती हार्ड डिस्कची धातूची डबी मात्र आधी गुणगुणत होती, मग तिच्या पोटात काहीतरी दचकत होतं, टक, मग पुन्हा गुणगुण, पुन्हा दचकणं. एखाद्या माणसाला एक शब्द आठवू नये आणि त्याने दर वेळी वाक्य पहिल्यापासून सुरू करावं तसं. त्याने डेटा नेणारी केबल बदलली. वीज देणारी बदलली. डबी दुसऱ्या खोबणीला लावली. प्रत्येक बदलानंतर तो चालू करून पाहत होता आणि प्रत्येक वेळी टक ऐकून जास्त जोरात केबल खुपसत होता, जणू तिला मुद्दा पटत नाहीये.

आणि एकदम त्याला तो तक्ता आठवला. कुठल्याशा कम्प्युटरवाल्यांसाठी त्यानेच लिहिलेला, भर उन्हाळ्यात, घामाने कागद हाताला चिकटत असताना. लक्षण: हार्ड डिस्कमधून नियमित टकटक. संभाव्य कारण: वाचणाऱ्या हेडमध्ये बिघाड. उपाय: यंत्र त्वरित बंद करावे. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. दर वेळी तबकडी अधिक खरवडली जाते. त्याने तेव्हा ‘पाहू नये’ की ‘पाहू नका’ यावर वरिष्ठांशी वाद घातला होता आणि ‘नये’ जिंकलं होतं. तो टेबलाखाली तसाच बसून राहिला. सकाळपासून या घरात काय चाललं होतं? खरवडणं चाललं होतं. बाबांच्या ‘दार लाव’वरून, बाबांच्या ‘पंखा कमी कर’वरून एक सुई ओरखडे काढत होती, आणि काढायला लावत होता तो स्वतः. त्याने हात लांब करून भिंतीतला प्लगच उपटला.

तेवढ्यात बायको आली. ती गाडी चालवायला शिकवायची. अंगावर कामाचं जाकीट होतं आणि हातात शिकाऊ गाडीची किल्ली. ‘काय झालं? बंद पडला?’ म्हणत तिने प्लग लावला आणि बटण दाबलंसुद्धा. टक.

‘हात लावू नकोस!’

‘अरे, बघत होते फक्त.’

‘बघायचं नाही! बघण्यानेच जातंय ते!’

‘बरं, ओरडू नकोस. मी मघाशी पण बघितलं होतं, तू दाढी करत होतास तेव्हा. बाबा म्हणाले, म्हणजे त्यांनी खूण केली, म्हणून तीन-चारदा चालू-बंद केला. कधीकधी होतो ना चालू.’

‘तू दिवसभर लोकांना काय शिकवतेस? गाडी बंद पडली की किल्ली फिरवत बसू नका, हेच ना?’

‘ते गाडीचं. हा काय गाडी आहे?’ ती म्हणाली, आणि मग बाबांकडे बघून आवाज खाली आणत म्हणाली, ‘पण तू कॉपी ठेवली होतीस ना? मला आठवतंय. मोठ्या तोंडाने सांगत होतास, एक ठिकाणी ठेवायचं नसतं म्हणून.’

‘आहे ना कॉपी,’ तो म्हणाला, ‘सगळी आहे. ‘सी’मध्ये मूळ आणि ‘डी’मध्ये...’

पत्रा काढलेला होता. खोक्याचं पोट उघडं होतं. ‘सी’ कुठे आणि ‘डी’ कुठे हे तो शोधायला लागला, आणि आत एकच डबी होती. एकच. पडद्यावर इतकी वर्षं दोन कपाटं दिसत होती, दोन नावांची, शेजारी शेजारी, आणि त्याने एका कपाटातलं दुसऱ्यात अगदी जबाबदार माणसासारखं नेऊन ठेवलं होतं. आणि दोघांच्या मध्ये भिंतच नव्हती. एकाच तबकडीच्या मधोमध खडूची रेघ मारावी आणि अलीकडचं घर, पलीकडचं शेजार म्हणावं, तसला प्रकार. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर त्याने ते रकान्यात बसवून सांगितलं असतं. कुणी विचारलं नव्हतं. ‘दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी’ हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाला दुसरी जागा म्हणजे दुसरं अक्षर वाटावं, यावर हसायला ऑफिसातल्या लोकांना आठवडाभर पुरलं असतं. बायको हसली नाही. ती ‘अगं बाई’ म्हणाली, आणि ते त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. कान शाबूत होते. कानांचं त्यांनी वाक्यसुद्धा बोलून ठेवलं होतं, ‘हळू बोला, मी मुका आहे, बहिरा नाही’. ऑपरेशनच्या आधी, आवाज धडधाकट असताना, पुढच्या मुकेपणाची खेकसण्यासकट तयारी. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी एक छापील यादी दिली होती. ‘कृपया मला पाणी द्या.’ ‘मला थोडा त्रास होतोय.’ ‘आपण कसे आहात?’ बाबांनी ती लांब धरून वाचली आणि म्हणाले, ‘हा कोण आहे? मी नाही हा.’ आणि यादीची घडी करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. मग त्यांनी स्वतःची वाक्यं काढली. ‘दार लाव, तबेला आहे का हा?’ ‘पंखा कमी कर, मला उडवायचंय का?’ ‘काडीची अक्कल नाही.’ ‘मिठाचं वावडं आहे का या घरात?’ माईकसमोर ते असे बसायचे जणू माईक कामाला उशिरा आलाय. करवती चालू असताना वखारीच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं म्हणून घडवलेला तो आवाज. घरी आल्यावरही तो लहान व्हायचा नाही, आणि लहानपणी त्याला वाटायचं की सगळ्यांच्या घरात जेवताना असंच ओरडतात. रेकॉर्ड करताना तो एकदा म्हणाला होता, ‘बाबा, एखादं जरा प्रेमाने म्हणा की. आयुष्यभर वापरायचंय.’ बाबा म्हणाले होते, ‘हे प्रेमानेच आहे. पुढचं घे.’

त्याच्या रागाचं कारण या क्षणापर्यंत जिना चढून वर आलं असावं, कारण त्याला ते आता दारात उभं असलेलं दिसायला लागलं होतं आणि आत घ्यावंसं वाटत नव्हतं. ऑपरेशननंतर तो प्रत्येक भांडण जिंकला होता. आधी जन्मात एकही नाही. नोकरी कोणती, लग्न कुणाशी, भिंतीला रंग कोणता, सगळ्यात बाबांचा आवाज वर असायचा आणि त्याचा मुद्दा खाली. मग बाबा पाटीवर लिहायला लागले. ते अक्षरं गिरवून लिहीत. अर्ध्या बोटात पेन नीट बसत नसे. पाटीवर ‘तुला’ होईपर्यंत त्याची चार वाक्यं बोलून झालेली असत, आणि ‘कळत’ येईपर्यंत तो खोलीबाहेर पडलेला असे. जिंकणं इतकं सोपं असतं हे त्याला पन्नाशीला आल्यावर कळत होतं आणि त्याची चव उकळलेल्या पाण्यासारखी होती. बटणं होती म्हणून बरं होतं. तो तरातरा निघून जायचा आणि मागून गर्जना यायची, ‘काडीची अक्कल नाही!’, आणि तो दारातून परत फिरून म्हणायचा, ‘तुमच्याकडून आली असती ना!’ तेवढं सोडलं तर तो एका मुक्या म्हाताऱ्यावर ओरडणारा माणूस होता. त्या खोक्याने त्याला त्यातून वाचवलं होतं. आता खोक्याने हात वर केले होते.

बायकोने तिच्या भावाला फोन लावला होता. मेव्हण्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. त्याचं ज्ञान विचारणाऱ्याच्या घरी खर्ची पडायचं. ‘फ्रीजरमध्ये ठेव,’ स्पीकरवर मेव्हण्याचा आवाज घरभर झाला. ‘पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. धातू आकसतो ना. माझ्या एका मित्राचा असाच झालेला, गार झाल्यावर मस्त चालला.’

‘किती दिवस चालला?’ त्याने विचारलं.

‘ते मी नाही विचारलं, भावजी.’

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो वळला तर बाबांनी खोक्यातून डबी केबलसकट खेचून काढली होती आणि ते स्वयंपाकघराकडे निघाले होते. त्याने पॅसेजमध्ये त्यांना गाठलं. ‘बाबा! पाणी सुटेल आत! तो मटार आहे का? आणा इकडे!’ त्याने डबी धरली. बाबांनी सोडली नाही. त्या हातात अजून ओंडके उचलणाऱ्याचा जोर होता. अरुंद पॅसेजमध्ये दोन मोठी माणसं एका डबीला धरून एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी होती, आणि रुमालाआडून शीळ वाजत होती. ‘सोडा म्हणतोय ना! डिस्क माझी आहे, मी आणलीय!’ तो ओरडला, आणि ओरडता ओरडताच त्याला ते शाळेतल्या पोराचं वाक्य वाटलं. बाबांनी एक हात सोडला, गळ्यातली छोटी पाटी पुढे ओढली आणि भिंतीला टेकवून लिहिलं. तो थांबला. या वेळी तो खोलीबाहेर गेला नाही. डबी अडकली होती. पाटीवर आलं: ‘आत मी आहे.’

‘मी नेते तुम्हाला,’ बायको मागून म्हणाली. ‘बाजाराच्या मागे एक बाई आहे, मेलेल्या डिस्कमधून काढून देते. माझ्याकडे शिकायला येत होती. गिअर पडत नाहीत तिला, पण हे जमतं म्हणतात.’

शिकाऊ गाडीत बाबा पुढे बसले, डबी टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरून. तो मागे. गाडीला चालवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक होता आणि शेजारी शिकवणाऱ्याच्या बाजूलाही, आणि प्रत्येक वळणावर बाबांचा पाय त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबत होता. ‘बाबा, पाय काढा,’ ती म्हणायची. जरा वेळाने पुन्हा, ‘बाबा, पाय.’ मागून त्याला फक्त मान दिसत होती, पाठमोरी, केस कापायला झालेली. रस्त्यात एक ट्रक तिरपा लावला होता आणि बाबांनी काच खाली करून तोंड बाहेर काढलं, ड्रायव्हरकडे बघून छाती भरून घेतली, आणि तशीच भरलेली छाती घेऊन काच वर केली. ट्रकवाल्याला कळलंसुद्धा नाही की आपल्याला काय बोललं गेलं असतं. मागे बसलेल्याला मात्र ते शब्दशः ऐकू आलं. त्याला त्या ट्रकवाल्याचा इतका राग आला की खाली उतरून त्याची कॉलर धरावी. एखादा माणूस इतक्या स्वस्तात कसा सुटू शकतो?

दुकान म्हणजे पायऱ्या उतरून जायची एक लांबट खोली होती. फळ्यांवर उघड्या पडलेल्या डिस्का, चकचकीत तबकड्या आरशासारख्या, त्यांत ट्यूबलाइटचे तुकडे. बाकावर एक जोडपं आपल्या लग्नाचे फोटो परत मिळण्याची वाट बघत एकमेकांशी न बोलता बसलं होतं. दुकानवाली बाई चाळीशीची, कपाळावर भिंग चढवलेलं, कुणाकडेही न बघता बोलणारी. तिने डबी कानाशी नेली, हलवली नाही, नुसती धरली.

‘टकटक सुरू झाल्यावर किती वेळा चालू केली?’

‘एकदा,’ तो म्हणाला.

‘एकदाच,’ बायको म्हणाली.

बाबांनी एक बोट वर केलं, अर्धं.

‘सगळे एकदाच करतात,’ बाई म्हणाली. ‘घरात माणसं किती ते कळतं त्यावरून.’ तिने डबी एका यंत्राला जोडली, ज्यातून ती हळू, जपून वाचली जाणार होती. बराच वेळ नुसती कुरकुर झाली. मग तिच्या पडद्यावर फोल्डरांची नावं उमटली, आणि ती पहिल्यांदाच घाईने बोलली. ‘नावं दिसतायत. पण हेड जातंय. हे आता चाललं तर थोडा वेळ चालेल, मग कायमचं बसेल. सगळं येणार नाही. आधी काय काढू ते सांगा, लवकर.’

‘‘बाबा’ नावाचं,’ तो लगेच म्हणाला. ‘त्यात वाक्यं आहेत. सगळी बटणांची.’

पाटी त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये आली. तिच्यावर लिहिलं होतं: ‘सराव’.

‘सरावमध्ये काही नाहीये, बाबा. तो त्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी बनवलेला फोल्डर. यादी तुम्ही टेबलाखाली घातलीत, आठवतंय?’

बाबांनी ‘सराव’खाली रेघ मारली.

‘अहो, रिकामं आहे ते! वेळ जातोय. ‘बाबा’ काढा हो तुम्ही.’

दुसरी रेघ. पेन पाटीवर कचकचलं.

‘तुम्हाला कळतंय का? एवढंच राहिलंय! तुमचं दार, तुमचा पंखा, तुमची अक्कल, सगळं त्यात आहे! ते गेलं तर तुम्ही मला बोलणार कसे? या पाटीवर? ‘ग’ काढेपर्यंत मी ऑफिसला पोचलेला असतो! मग भांडायचं कुणाशी मी? भिंतीशी?’ तो बोलत होता आणि बोलणं थांबत नव्हतं, कारण समोरून काहीच येत नव्हतं; न अडवलेलं पाणी जसं जागा मिळेल तिथे पसरतं तसं ते पसरत होतं, लग्नावर, नोकरीवर, भिंतीच्या रंगावर, एकदा जेवताना ताट ढकललं होतं त्यावर. बाकावरचं जोडपं ऐकत होतं. बायको त्याची बाही ओढत होती. बाबा पाटी छातीशी धरून उभे होते, त्याच दोन रेघांची, आणि शीळसुद्धा वाजत नव्हती. मग त्या शांततेत यंत्राने एकदा कुरकुर केली, टक केलं, गुणगुणणं हळूहळू खाली आणलं आणि ते थांबलं. हे थांबणं वेगळं होतं. ते सगळ्यांना कळलं, जोडप्यालासुद्धा.

‘गेलं,’ बाई म्हणाली.

‘काय आलं?’

‘सराव. म्हणजे त्यातलंही शेवटचं अर्धवट.’

‘मी तुम्हाला ‘बाबा’ म्हटलं होतं!’

‘तुम्ही म्हणाला होतात. पण आवाज यांचा आहे ना?’ तिने बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘रिकामं नव्हतं ते. लावू?’

आणि तो उत्तर द्यायच्या आत त्याला, नको असताना, न्हाणीघराचं दार दिसलं. गेल्याच आठवड्यात कधीतरी बाबांच्या गळ्याच्या भोकात कफ अडकला होता. आतून पाण्याचा मग आपटल्याचा आवाज येत होता, धाड धाड, आणि तो बाहेर वर्तमानपत्र वाचत म्हणाला होता, ‘येतोय हो, येतोय, दार मोडाल!’ आत गेला तेव्हा बाबा निळे पडायला आले होते. पाटी बाहेर खुंटीला होती. कम्प्युटर आतल्या खोलीत. त्यानंतर बाबांनी काही लिहिलं नव्हतं, त्यानेही काही विचारलं नव्हतं. दोघांनी ते मगाच्या माथी मारलं होतं, तो चेमटला म्हणून.

बाईने बटण दाबलं. आधी खुर्चीचा आवाज आला, मग वाचा शिकवणाऱ्या बाईंचा, लांबून, ‘आज मुलगा नाहीये ना घरी, मग म्हणा बघू मोकळेपणाने’. आणि मग वखारीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तो आवाज, पायऱ्यांवरून वर रस्त्यापर्यंत गेलेला, ओंडका सुटलेल्या माणसावर तुटून पडावं तसा:

‘मला मदत करा!’

बाकावरची बाई दचकून उठून उभी राहिली. फळीवरची एक तबकडी थरथरली असं त्याला वाटलं. त्याच्या जन्मात बाबांनी हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारलं नव्हतं, आणि उच्चारलं होतं तेही असं, शिवीसारखं, जणू मदत न करणाऱ्याचं नाव त्यांना माहीत आहे.

‘करतोय ना!’ तो ओरडला. ‘सकाळपासून काय करतोय मी? टेबलाखाली कोण शिरलं होतं? एका पायात बूट घालून कोण...’

बाबांनी हात लांब केला आणि अर्ध्या बोटाने बाईच्या कीबोर्डवरचं तेच बटण पुन्हा दाबलं. ‘मला मदत करा!’

‘अहो, ऐकलं! करतोय म्हटलं ना! आधी सांगायचं होतं, मला काय स्वप्न...’

‘मला मदत करा!’

तो तोंड उघडून उभा राहिला. मुद्दे होते, नेहमीसारखे होते, एकाखाली एक. पण दर वेळी त्याने श्वास घेतला की ते बोट खाली यायचं आणि तो आवाज वर चढायचा, आणि त्याच्यापुढे त्याचं वाक्य लहान मुलाच्या वाक्यासारखं कुठल्या कुठे जायचं. त्याचे कान तापले, घसा बसायला लागला, आणि रागाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा त्याच्याकडे बघत होते, खांदे ताठ, बोट बटणावर तयार. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्याला काही बोलता येईना.